खुणेचे मासे आणि डिचोलीचा दगड

मये तलावात मासे किती, हे तलाव न उपसताही अंदाजता येते. शंभर मासे पकडून खूण करायची, सोडून द्यायचे, चांगले मिसळले की पुन्हा जाळे टाकायचे. पन्नासात पाच खुणेचे निघाले, तर तलावात हजारेक मासे असणार. टोपलीतले निम्मे वाटेत सांडले तरी हिशेब फारसा बिघडत नाही, कारण मोजले ते फक्त प्रमाण. दगडातली अत्यल्प मूलद्रव्ये मोजणारी समस्थानिक विरलन पद्धत याच हिशेबावर चालते, आणि दहा लाखांत दोन-चार भाग असलेल्या गोष्टीसाठी हिच्याइतका भरवशाचा तराजू मला तरी दुसरा दिसत नाही. निसर्गातल्या स्ट्रॉन्शियममध्ये ८४ वजनाचे अणू शंभरात जेमतेम अर्धा. तेच भरपूर असलेला द्राव काटेकोर तोलून दगडाच्या चिमूटभर पुडीत घालतात. हे खुणेचे मासे. मग हायड्रोफ्लोरिक आम्ल. ते काचही खाते, म्हणून भांडे टेफ्लॉनचे. पुढे स्ट्रॉन्शियम वेगळे काढताना थोडे वाया गेले तरी चालते. अणू वजनांनुसार मोजणाऱ्या यंत्राला गुणोत्तर तेवढे हवे. अनमोड घाटातल्या खडकाचे वय १९८७ साली रुबिडियम-स्ट्रॉन्शियमच्या गुणोत्तरांवरूनच काढले गेले: सुमारे ३४० कोटी वर्षे, १४ कोटींची चूकभूल धरून.

डिचोलीत कोणी म्हणेल, खनिजाचा भाव लोहाच्या टक्क्यावर ठरतो, हा सोनाराचा काटा हवा कशाला? व्यापाराला नकोच. पण इथले लोहपट्टे प्राचीन समुद्रात साचले, आणि ते लोह कुठून आले हे टक्का सांगत नाही. अशा पट्ट्यांत युरोपियम हे अत्यल्प मूलद्रव्य शेजारच्या मूलद्रव्यांच्या मानाने जास्त भरले, तर समुद्रतळाच्या उष्ण झऱ्यांकडे बोट जाते. याहून वजनदार आक्षेप जांभ्याचा. पेडणे-डिचोलीच्या पावसाने वरच्या खडकातले रुबिडियम, स्ट्रॉन्शियम धुऊन नेले असेल, तर बिनचूक मोजूनही उत्तर चुकेल. खरे आहे, पण तो दोष नमुना निवडणाऱ्याचा, म्हणून खोलवरचा ताजा दगड घ्यावा लागतो. पद्धतीची स्वतःची अडचण वेगळी: दगडातल्या झिरकॉन या खनिजाचे कण आम्लाला सहज दाद देत नाहीत. न विरघळलेल्या कणात खुणेचा मासा शिरणार कसा? आणि गोव्याच्या लोहखनिजाचा जुना सोबती मँगनीज तर या जाळ्यात सापडतच नाही. त्याचा स्थिर अणू एकाच वजनाचा, त्यामुळे खूण करायला दुसरा मासाच नाही. त्याच्यासाठी तराजू वेगळा.