शेंड्याचा मणी

फेब्रुवारीतली सकाळ. निफाड तालुक्यातल्या आमच्या थॉमसन जातीच्या द्राक्षबागेत पानांवर अजून दव आहे. ऑक्टोबर छाटणीला आज 125 दिवस झाले. दुपारी व्यापाऱ्याचा माणूस येईल. त्याच्या आधी माझं मला ठरवायचं आहे, की खुडा उद्या करायचा की थांबायचं.

आंबा अढीत पिकतो, केळी काढल्यावर पिकवता येतात, चिकू घरी ठेवला तरी मऊ होतो. द्राक्षाचं तसं नाही. घड वेलीवरून सुटला की त्याची गोडी तिथेच थांबली. आंबट तोडला तो आंबटच राहणार. एप्रिलच्या खरड छाटणीपासून केलेले सगळे कष्ट या एका निर्णयावर येऊन ठेपतात.

पिकण्याची पहिली खूण बोटांना कळते. आधी मणी वाटाण्यासारखा टणक असतो. मग एक दिवस तो दाबल्यावर जरा दबतो, उन्हाकडे धरला की आरपार उजेड दिसतो. याला आम्ही ‘मण्यात पाणी उतरलं’ म्हणतो. तिथून साखर चढू लागते आणि आंबटपणा उतरू लागतो. गडद हिरवा रंग दुधी होतो, पुढे पिवळसर झाक येते. युरोपला जाणाऱ्या मालाला दुधी हिरवा रंग हवा असतो. आपल्याकडचं गिऱ्हाईक मात्र पिवळसर घड गोड म्हणून आधी उचलतं.

पण रंगावर सौदा होत नाही. खिशातून रिफ्रॅक्टोमीटर काढतो. आधी काचेवर शुद्ध पाण्याचा थेंब टाकून रेघ शून्यावर आहे ना ते बघतो. काच पुसतो, मणी चिरडून रसाचा थेंब टाकतो, झाकण मिटतो आणि नळी उजेडाकडे धरून डोळा लावतो. आत वर निळं, खाली पांढरं. दोन्ही जिथे भेटतात तो आकडा म्हणजे ब्रिक्स. 100 ग्रॅम रसात विरघळलेले घटक साधारण किती ग्रॅम, ते तो सांगतो, आणि त्यात बहुतेक साखरच असते.

खरी गोम आहे ती मणी कुठला घ्यायचा यात. एकाच घडाच्या वरच्या पाकळीतला मणी 18 दाखवतो, मधला 17, शेंड्याचा साडेपंधरा. देठाजवळचे मणी आधी गोड होतात, शेंडा सगळ्यांत मागे राहतो. बांधाकडच्या उन्हातल्या ओळीचा आकडा वेगळा, दाट पानांच्या सावलीतल्या घडाचा वेगळा, आणि ज्या वेलीवर घड जास्त राहिले तिथे तर साखर चढतच नाही. ज्याला लवकर सौदा उरकायचा असतो तो वरचाच मणी खुडतो. मी बागेच्या चारही कोपऱ्यांतून आणि मधून घड निवडतो, प्रत्येकाचे तीन मणी घेतो आणि आकडे वहीत लिहितो.

आणि यंत्राला आंबटपणा कळत नाही. तालुक्यातल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर मोजलेला पारा चार-पाच अंशांवर आला की गावात शेकोट्या पेटतात आणि बागेत साखर अडते. अशा थंडीनंतर आकडा 17 असला तरी दातांना आंबट लागतं. म्हणून प्रत्येक मापानंतर मी एक मणी तोंडात टाकतो.

थांबण्यालाही किंमत आहे. एक अवकाळी सर आली तर मणी तडकतात, थंडीत मण्यांवर गुलाबी छटा चढते, भाव उतरतो. काही वर्षांपूर्वी ढग बघून घाबरलो आणि 14 ब्रिक्सवर अर्धी बाग तोडू दिली. पाऊस आलाच नाही. उरलेली अर्धी बाग आठ दिवसांनी साखरेसारखी झाली, आणि तोडलेल्या मालाची तक्रार बाजारातून परत आली. ती आजही मनाला लागते.

आज वहीत शेंड्याचे बहुतेक आकडे सोळाच्या आत आहेत. आभाळ निरभ्र आहे, दुपारी ऊन चांगलं तापतंय. शेवटच्या फवारणीनंतर खुड्याआधी सोडायचे दिवसही आणखी पाच दिवसांत पुरे भरतील. मी पाच दिवस थांबायचं ठरवतो. तेव्हा दव सुकल्यावर, ऊन चढायच्या आत खुडा होईल. बायका घड देठाला धरून कात्रीने कापतील, मण्यावरची पांढरी लव पुसू न देता क्रेटमध्ये ठेवतील, आणि माल काही तासांत शीतगृहात जाईल.

द्राक्षं घेताना वरचा टपोरा मणी चाखू नका, घडाच्या अगदी शेंड्याचा चाखा. तो गोड असेल तर सगळा घड गोड आहे, आणि कुणीतरी त्याच्यासाठी थांबलेलं आहे.