चेटकिणींची हद्द

विजांच्या कडकडाटात तीन चेटकिणी येतात, मॅकबेथला कुठे गाठायचे ते ठरवतात आणि नाहीशा होतात. शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’चा पहिला प्रवेश एवढाच. या तिघींची ताकद नेमकी किती, हा प्रश्न मात्र चारशे वर्षे रंगभूमीला सुटलेला नाही.

हे नाटक लिहिले गेले तेव्हा चेटूक हा करमणुकीचा विषय नव्हता. १५९० मध्ये राणी अ‍ॅनला घेऊन डेन्मार्कहून परतताना स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स वादळात सापडला. ते वादळ चेटकिणींनी उठवले, असा आरोप नॉर्थ बेरिकच्या खटल्यांत झाला. त्यांतल्या आरोपी अ‍ॅग्नेस सॅम्पसनची राजाने स्वतः चौकशी केली. १५९१ मध्ये तिला देहान्त शासन झाले. १५९७ मध्ये जेम्सने चेटकावर ग्रंथ लिहिला, १६०३ मध्ये तो इंग्लंडच्या गादीवर आला आणि १६०४ मध्ये चेटूकविरोधी कायदा अधिक कडक झाला.

शेक्सपिअरने मॅकबेथची कथा होलिनशेडच्या इतिहासग्रंथातून घेतली. भविष्य सांगणाऱ्या तीन स्त्रिया तिथेही आहेत. शेक्सपिअरने त्यांना दाढ्या दिल्या, कढई दिली आणि एक हद्दही आखून दिली. खलाशाच्या बायकोने चेस्टनट दिले नाहीत म्हणून एक चेटकीण चाळणीत बसून तिच्या नवऱ्यामागे समुद्रात निघते. ती त्याची झोप उडवू शकते, जहाजाला वादळात हेलकावे देऊ शकते. बुडवू मात्र शकत नाही. मला हीच नाटकाची किल्ली वाटते. पहिल्या भेटीत त्या मॅकबेथला राजा होशील एवढेच सांगतात, राजा डंकनला मार असे म्हणत नाहीत. भविष्य मॅकबेथचा सोबती बँकोही ऐकतो, तो खंजीर उचलत नाही.

नाटकात पुढे येणारे अमानवी घटक मनाच्या आणखी जवळ सरकतात. लेडी मॅकबेथ दुष्ट शक्तींना आवाहन करते, पण त्या दिसत नाहीत. हवेतला खंजीर आणि मेजवानीतले बँकोचे भूत एकट्या मॅकबेथला दिसते. म्हणूनच १७९४ मध्ये जॉन फिलिप केंबलने लंडनच्या ड्र्युरी लेनमध्ये भुताची खुर्ची रिकामीच ठेवली. चौथ्या अंकात कढईतून उठणाऱ्या आकृत्या खोटे बोलत नाहीत. मॅकबेथ त्यांतले सोयीचे तेवढे ऐकतो.

प्रत्येक काळाने या तिघींना आपले रूप दिले. चेटकिणींची देवी हेकेट हिचे प्रवेश नाटककार मिडलटनने घातले असावेत, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पुढे नाटककार डॅव्हनंटने चेटकिणींना गायला, नाचायला आणि उडायला लावले. व्हर्दीच्या १८४७ च्या ऑपेरात त्यांचा मोठा गायकवृंद झाला. १९३६ मध्ये हार्लेममध्ये ऑर्सन वेल्सने त्यांना हैतीच्या व्हूडू परंपरेत नेले. कुरोसावाच्या १९५७ च्या चित्रपटात चरखा फिरवणारे एकच पिशाच्च उरले. मराठीत शि. म. परांजपे यांचे ‘मानाजीराव’ आणि शिरवाडकरांचे ‘राजमुकुट’ (१९५४) या नाटकावरून आले. विशाल भारद्वाजच्या ‘मकबूल’ या चित्रपटात (२००३) चेटकिणींच्या जागी मुंबईच्या अंधारविश्वातले दोन पोलीस कुंडली मांडतात.

या रूपांपैकी जिथे चेटकिणी सर्वशक्तिमान होतात, तिथे मॅकबेथ बाहुले बनतो आणि शोकांतिका विरते. चौथ्या अंकानंतर त्या मूळ नाटकात परत येतच नाहीत. त्यांना कोणी पकडत नाही, जाळत नाही. बाहेर बायकांना चेटकीण ठरवून मारले जात असताना शेक्सपिअरने शिक्षेचे माप खून करणाऱ्याच्याच पदरात घातले. या नाटकाचे धैर्य मला तिथे दिसते.