आकडा दिसतो, तापमान दिसत नाही

लेखमाला : उपकरणांचा मेंदू, भाग ७

मे महिन्यातल्या दुपारी वर्ध्यात पारा ४५ अंशांच्या आसपास घुटमळतो. पत्र्याखालच्या बंद खोलीत ४० अंश तापमान ही तर नेहमीचीच गोष्ट. अशा खोलीत प्रोग्रॅम करता येणारी एखादी ई-सिगारेट चालवली, तर पडद्यावर २२० अंशांचा आकडा दिसत असताना आतली तार प्रत्यक्षात २४० अंशांच्या वर तापलेली असू शकते. यंत्र बिघडलेले नसते, सॉफ्टवेअर ताजे असते, सेटिंगही बरोबर असते. तरीही वीस-पंचवीस अंशांची चूक होते. ती कुठून येते हे समजले, की या यंत्रासोबत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या बऱ्याच तक्रारींचे मूळ हाती लागते.

आधी कायदा सांगायला हवा. केंद्र सरकारने १८ सप्टेंबर २०१९ रोजी अध्यादेश काढून देशभर ई-सिगारेटवर बंदी घातली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिचा कायदा झाला. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण आणि जाहिरात या सगळ्याला मनाई आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा पुन्हा केला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. द्रवात निकोटिन असो वा नसो, कायदा दोन्हींना लागू आहे. पूर्ण यंत्राइतकाच तो त्याच्या सुट्या भागांनाही लागू आहे.

मग अशा यंत्राच्या बिघाडांवर लेख कशासाठी? कारण बंदी असूनही ही यंत्रे चोरवाटेने तरुणांच्या हाती पडतात. ती घेणाऱ्याचा एक समज फार पक्का असतो : यात कॉम्प्युटर आहे, तापमान तोच सांभाळतो, त्यामुळे हे सिगारेटसारखे नाही. वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम आणि सावंगी इथे वैद्यकीय महाविद्यालये आहेत, शहरात हिंदी विश्वविद्यालय आहे, अभियांत्रिकीची महाविद्यालये आहेत. घर सोडून शिकायला आलेल्या मुलामुलींचा हा जिल्हा आहे. पेन ड्राइव्हसारखी दिसणारी एखादी वस्तू मुलाच्या दप्तरात सापडली, तर तिचा मेंदू काय जाणतो आणि काय जाणत नाही, हे पालकांना आणि शिक्षकांना माहीत असायला हवे.

आजच्या ई-सिगारेटचा जनक म्हणून होन लिक या चिनी औषधतज्ज्ञाचे नाव घेतले जाते. त्याने २००३ च्या सुमारास ती घडवली. सुरुवातीच्या यंत्रांत बॅटरी, तापणारी तार आणि द्रव एवढेच असे. पुढे त्यात मायक्रोप्रोसेसर आला. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या इव्हॉल्व्ह या कंपनीने २०१४ मध्ये ‘डीएनए ४०’ या बोर्डावर तापमान-नियंत्रण आणले आणि २०१५ मध्ये ‘डीएनए २००’ सोबत ‘ईस्क्राइब’ हे विंडोजवर चालणारे सॉफ्टवेअर दिले. यूएसबी केबलने यंत्र कॉम्प्युटरला जोडायचे, तारेचा धातू निवडायचा, वॅट आणि तापमानाची मर्यादा ठरवायची, ओढलेल्या प्रत्येक झुरक्याचा आलेख पाहायचा. जॉयटेक, एलीफ, विस्मेक यांच्या यंत्रांसाठी तर हौशी प्रोग्रॅमरांनी ‘आर्क्टिकफॉक्स’ नावाचे पर्यायी फर्मवेअरही तयार केले.

आता मुख्य मुद्दा. या यंत्रात तापमान मोजणारा वेगळा संवेदक तारेजवळ नसतोच. धातू तापला की त्याचा विद्युतरोध वाढतो, हे शाळेत शिकलेले तत्त्व इथे वापरले जाते. यंत्र तारेचा रोध मोजते आणि त्यावरून तापमानाचे गणित मांडते. निकेलचा रोध दर अंशाला सुमारे ०.६ टक्का वाढतो. स्टेनलेस स्टीलच्या ३१६ या प्रकाराचा मात्र ०.०९ टक्क्याच्या आसपासच. २० अंशांना ०.१५ ओहम असलेली निकेलची तार २२० अंशांना ०.३३ ओहमवर जाते. त्याच तापमानाला ०.५० ओहमची स्टीलची तार जेमतेम ०.५९ ओहम होते. सगळा हिशेब ओहमच्या शंभराव्या भागांवर उभा आहे.

या हिशेबाला सुरुवातीचा एक आकडा लागतो, तो म्हणजे थंड तारेचा रोध. तार नवी बसवली की यंत्र तिचा रोध मोजून नोंदवून ठेवते. ही मोजणी साधारण २० अंशांच्या खोलीत झाली असे अनेक यंत्रे गृहीत धरतात. ओहायोतल्या घरात ते खरे असेल. वर्ध्याच्या उन्हाळ्यात ४० अंशांची तार ‘थंड’ म्हणून नोंदली जाते आणि पुढचा प्रत्येक आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवला जातो. काही बोर्डांत खोलीचे तापमान जाणणारा संवेदक असतो. पण खिशात किंवा गाडीच्या डिकीत तापलेल्या यंत्रात तो बोर्डाचेच तापमान सांगतो. याहून मोठी चूक होते ती नुकतीच वापरलेली, अजून गरम असलेली तार काढून पुन्हा बसवल्यावर. १२० अंशांची तार ‘थंड’ ठरली, तर मर्यादा शंभराहून अधिक अंशांनी वर सरकते.

धातू चुकीचा निवडला तर काय होते, हे आकड्यांतूनच पाहावे. तार निकेलची आणि सॉफ्टवेअरमध्ये स्टील निवडले, तर रोध जरासा वाढताच यंत्राला मर्यादा गाठल्यासारखे वाटते. तार प्रत्यक्षात तीसेक अंशच तापलेली असते आणि वीज बंद होते. वाफ निघत नाही, वापरणारा वैतागतो, पण धोका नसतो. उलट तार स्टीलची आणि सॉफ्टवेअरमध्ये निकेल असेल, तर यंत्र रोध दुपटीहून अधिक होण्याची वाट पाहत राहते. स्टीलच्या तारेला तिथवर जायला हजाराहून अधिक अंश लागतील. म्हणजे मर्यादा उरतच नाही. कँथल या मिश्रधातूचा रोध तापमानाने जवळजवळ बदलत नसल्याने त्या तारेवर तापमान-नियंत्रण चालतच नाही.

तिसरा बिघाड सर्वांत फसवा आहे. तार जिथे स्क्रूने आवळलेली असते, तिथला जोड सैल झाला की मार्गात ०.०३ ओहमची भर पडू शकते. स्टीलच्या ०.५० ओहमच्या तारेच्या हिशेबात एवढी भर म्हणजे सुमारे ६५ अंश. तार गार असताना यंत्राला ती गरम वाटते आणि ते वीज तोडते. पडद्यावर तापमान-मर्यादेचा इशारा येतो. वापरणारा काय करतो? सॉफ्टवेअर उघडून मर्यादा वाढवतो. मग कधीतरी जोड आपोआप घट्ट बसतो आणि वाढवलेली मर्यादा तशीच राहते. सैल जोडावरच थंड रोध नोंदला गेला आणि जोड नंतर घट्ट झाला, तर २२० ची मर्यादा प्रत्यक्षात २९० च्या पुढे जाते. दुरुस्ती म्हणून केलेली कृतीच इथे निरुपद्रवी दोषाचे धोक्यात रूपांतर करते.

कॉम्प्युटर यंत्राला ओळखतच नाही, ही तक्रारही नित्याची. कारणे साधी असतात. केबल फक्त चार्जिंगची असते, तिच्यात माहिती वाहणाऱ्या दोन तारा नसतात. ड्रायव्हर बसलेला नसतो. फर्मवेअर बदलताना वीज जाते आणि बोर्ड अर्धवट लिहिलेल्या अवस्थेत अडकतो. दुसऱ्याच मॉडेलचे फर्मवेअर चढवलेले असते. बॅटरीची टक्केवारी उड्या मारते, कारण सॉफ्टवेअरमधला बॅटरीचा आलेख वेगळ्या सेलचा असतो. ४० वॅट काढायचे तर ३.७ व्होल्टच्या एका सेलमधून अकरा-बारा अँपिअरचा प्रवाह जातो. जुन्या किंवा बनावट सेलचे व्होल्टेज तेवढ्या भाराखाली कोसळते. ‘कमकुवत बॅटरी’ हा संदेश म्हणूनच सेटिंग बदलून घालवायचा नसतो, तो सेल वापरातून काढायचा असतो. फॅरनहाइट आणि सेल्सिअसची गल्लतही वारंवार होते. ४३० फॅरनहाइट म्हणजे सुमारे २२१ सेल्सिअस, आणि आकडा वाचणाऱ्याच्या डोक्यात एकक दुसरे असते.

रोधावरून तापमान ओळखण्याची पद्धत मुळात वाईट नाही. कारखान्यांत, प्रयोगशाळांत ‘पीटी १००’ नावाचा प्लॅटिनमचा संवेदक याच तत्त्वावर चालतो. शून्य अंशाला त्याचा रोध १०० ओहम असतो, शंभर अंशांना १३८.५ ओहम. पण तिथे धातू शुद्ध आणि ठरलेला असतो, रोध मोठा असतो, जोडणीच्या तारांचा रोध वजा करण्यासाठी तीन किंवा चार तारा वापरतात आणि ठरावीक काळाने प्रमाणित उपकरणाशी तुलना करतात. ई-सिगारेटमध्ये तापणारी तार आणि तापमापी एकच. रोध ओहमच्याही आत, तार वापरणाऱ्याने स्वतः वळलेली आणि तपासणी कोणाचीच नाही. भारतात तर बंदीमुळे अधिकृत सेवाकेंद्र असण्याचा प्रश्नच येत नाही.

वीस-पन्नास अंशांनी एवढे काय बिघडते? या द्रवात मुख्यतः प्रॉपिलिन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन असते. तापमान वाढत गेले की त्यांचे विघटन होऊन फॉर्माल्डिहाइड, अॅसिटाल्डिहाइड आणि अॅक्रोलिन तयार होतात. पहिले कर्करोगकारक आहे, शेवटचे फुप्फुसाला झोंबणारे. २०१५ च्या जानेवारीत पोर्टलँड स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये दाखवले, की ३.३ व्होल्टला फॉर्माल्डिहाइड देणारी संयुगे त्यांना सापडली नाहीत, ५ व्होल्टला मात्र सापडली. इतक्या तापलेल्या तारेची जळकी चव कोणी सहन करणार नाही, असा आक्षेप त्यावर घेतला गेला. पण वाद चवीचा होता. उष्णता वाढली की विषारी पदार्थ वाढतात, याबद्दल दुमत नव्हते.

तापमान अगदी अचूक असले, तरी द्रवात काय आहे हे सॉफ्टवेअरला कळत नाही. अमेरिकेत २०१९ मध्ये व्हेप म्हणजेच ई-सिगारेट वापरणाऱ्यांच्या फुप्फुसांना इजा होण्याची साथ आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने रुग्णालयात दाखल झालेले किंवा मृत्यू पावलेले २,८०७ रुग्ण नोंदवले. त्यांतले ६८ जण दगावले. गांजातील नशा आणणारा टीएचसी हा घटक असलेल्या, बहुतांशी अनधिकृत मार्गाने मिळालेल्या द्रवातले व्हिटॅमिन ई अॅसिटेट हे त्यामागचे ठळक कारण निघाले. ते द्रव ज्या यंत्रांत गेले, त्यांतली कोणतीही यंत्रणा इशारा देऊ शकत नव्हती. तारेचा रोध नेहमीसारखाच होता.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अॅपलने आपल्या अॅप स्टोअरवरून व्हेपिंगशी संबंधित १८१ अॅप काढून टाकली. अॅप अधिकृत दुकानातून गेले, की काही जण ते अनोळखी ठिकाणाहून मिळवू पाहतात, ही एक जोखीम. यंत्र यूएसबीने जोडले जाते, ही आणखी एक जोखीम. लंडनच्या बीसाइड्स या सुरक्षा परिषदेत २०१७ मध्ये एका संशोधकाने बदल केलेली ई-सिगारेट कॉम्प्युटरला लावून दाखवली. कॉम्प्युटरने तिला कीबोर्ड समजून तिच्या आज्ञा स्वीकारल्या. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत किंवा सायबर कॅफेत अशी वस्तू चार्जिंगला लागलेली दिसली, तर ती काढायला सांगणे शहाणपणाचे आहे.

वर्ध्याच्या बाबतीत एक गोष्ट विसरता येत नाही. गांधीजी १९३६ मध्ये सेवाग्रामला राहायला आले. जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी आहे. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सुरू केलेल्या सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत विद्यार्थ्यांचे पहिले दिवस आश्रमात जातात. तरीही विदर्भातल्या पानठेल्यांवर सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा सर्रास खाल्ला जातो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करत होते. धूम्रपान करणारे ३.८ टक्के होते, धूरविरहित तंबाखू खाणारे २४.४ टक्के. म्हणून खर्रा सोडण्यासाठी कोणी व्हेप सुचवत असेल, तर त्याच्यापाशी दोन प्रश्न ठेवावेत : द्रवात किती निकोटिन आहे हे कोणी तपासले? आणि पडद्यावरचा आकडा कोणी पडताळला? बंदी असलेल्या बाजारात दोन्हींचे उत्तर देणारा माणूस भेटत नाही.

सोडण्याची वाट मात्र उपलब्ध आहे. १८००-११२-३५६ या राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनीवर समुपदेशन विनामूल्य मिळते. निकोटिनची च्युइंगगम किंवा पट्टी डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येते, आणि तिच्यातली मात्रा मिलिग्रॅममध्ये वेष्टनावर छापलेली असते. मुलाच्या दप्तरात यंत्र सापडलेल्या पालकांनी आरडाओरड करण्याआधी त्याच्याशी बसून बोलावे. सेल फुगलेला किंवा ओला असेल, तर तो चार्ज करू नये, घरच्या कचऱ्यातही टाकू नये, ई-कचरा स्वीकारणाऱ्याकडे द्यावा.

पुढच्या भागात मोबाइलला जोडलेला ग्लुकोमीटर : तोही रक्तातली साखर थेट पाहत नाही, पट्टीवरच्या रासायनिक क्रियेतून निर्माण झालेला प्रवाह मोजतो. त्याचा आकडा किती मर्यादेत चुकलेला चालतो, ती मर्यादा कोण ठरवते आणि जुन्या झालेल्या पट्टीने काय होते, ते पाहू.