ओवीत उतरलेले बायबल

बायबलचा अर्थ लावणे भाषांतराच्या पहिल्या शब्दापासूनच सुरू होते, कारण तो शब्द आधीच कुणाच्या तरी देवघरात वापरलेला असतो. इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. नवख्रिस्तींना जुनी पुराणे वाचायला बंदी होती; पुराण ऐकायची सवय मात्र सुटली नव्हती. स्टीफन्स यांनी त्याच साच्यात, सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ मध्ये, रोमन लिपीत, छापले गेले. त्यात स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हटले आहे. बायबलमधील ‘उत्पत्ती’ या पुस्तकात नसलेली लुसिफर या देवदूताच्या पतनाची कथाही त्यात येते, म्हणजे ओवी मराठी असली तरी तिच्यामागे रोमची परंपरा उभी आहे.

कोकणातील बेने इस्राएल या ज्यू समाजाने याच शास्त्रातल्या कथा वेगळ्या ठिकाणाहून ऐकल्या. अग्निरथातून वर गेलेला संदेष्टा एलिया त्यांचा ‘एलियाहू हन्नाबी’. त्याच्या रथाची खूण अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर दाखवतात आणि त्याच्या नावाने पोहे, गूळ, नारळाचा मलिदा होतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत योसेफ आणि मोशे यांच्या आख्यानांवर त्यांची मराठी कीर्तनेही होऊ लागली.

पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) स्टीफन्स यांच्या नेमके उलट केले. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणिक. रमाबाईंनी स्वतः तरुणपणी पुराणे सांगितलेली. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे भाषांतर करताना हिंदू धर्मकल्पना चिकटलेले संस्कृत शब्द त्यांनी कटाक्षाने टाळले. अल्पशिक्षित बायकांना समजेल अशी साधी मराठी त्यांना हवी होती. परदेशी पाद्र्याने पुराण जवळ केले आणि पुराणिकाच्या लेकीने ते दूर ठेवले! पण टाळलेला शब्दही अर्थ लावतोच. तो कशाशी जोडला जाऊ नये, हे ठरवणे ही रमाबाईंची भूमिकाच होती. त्यांचे बायबल मृत्यूनंतर, १९२४ साली प्रसिद्ध झाले.

ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक यांची वाट तिसरी. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. त्यांनी अभंग रचले, पण ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे ख्रिस्तचरित्राचे काव्य अपुरे राहिले. पुढचे बहुतेक अध्याय पत्नी लक्ष्मीबाईंनी लिहिले.

यांतल्या बहुतेक वाचनांत संतांची, पुराणांची, वरच्या जातींची मराठी प्रमुख होती. दलित धर्मशास्त्रज्ञ अरविंद निर्मळ यांनी १९८१ साली बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात तो पायाच हलवला. दलित ख्रिस्ती माणूस वाचतो तेव्हा त्याचे शास्त्रवाचन ब्राह्मणी तत्त्वज्ञानाच्या चौकटीत का बसवायचे, हा त्यांचा प्रश्न होता. पुढे त्यांनी बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २६व्या अध्यायातील भटक्या अरामी पूर्वजाच्या कबुलीत दलितांचा इतिहास वाचला. तिथला पूर्वज छळलेला, बेघर आहे. वैकुंठाचा आणि अभंगाचा त्याच्याशी काही संबंध नाही.