कमी ऐकणाऱ्या कानांचं मिक्सिंग
लेखमाला : घरच्या घरी ध्वनिमुद्रण – भाग ६

टाळ, मृदंग, पेटी आणि गायक यांचे ट्रॅक वेगवेगळे कसे घ्यायचे, ते मागच्या भागात पाहिलं. आता ते एकत्र बसवायचे. शिरूर अनंतपाळसारख्या गावात हे काम बहुधा भजनी मंडळातल्या जाणत्या माणसाकडे येतं. पण वर्षानुवर्षं सप्ताहात टाळांच्या आणि कर्ण्यांच्या शेजारी बसून नेमकं त्याचंच ऐकणं मंदावलेलं असू शकतं. त्यानं हे काम सोडू नये, पद्धत बदलावी.

तरुण, निरोगी कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकतो. वयानुसार वरच्या पट्टीतले बारीक आवाज आधी जातात. गोंगाटानं झालेली इजा बहुधा ४,००० हर्ट्झच्या आसपास सुरू होते. टाळांची किणकिण आणि गायकाच्या ‘स’, ‘श’ची धार याच भागात आणि त्याच्या वर असते. मृदंगाची धूम मात्र नीट ऐकू येते. मग टाळ मंद वाटतात, हात त्यांचा आवाज वाढवत जातो आणि इतरांच्या कानाला ते टोचायला लागतात.

म्हणून आधी ऑडिओग्राम काढून घ्या. २५० ते ८,००० हर्ट्झपर्यंत कोणता स्वर किती डेसिबलला ऐकू येतो, हे त्यात प्रत्येक कानासाठी वेगळं दिसतं. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या कान-नाक-घसा विभागात चौकशी करता येईल. ऐकणं एकाएकी कमी झालं, तर एक दिवसही थांबू नका. गायिका अलका याज्ञिक यांनी जून २०२४ मध्ये आपलं असंच अचानक गेलेलं ऐकणं जाहीरपणे सांगितलं आणि मोठ्या आवाजापासून, हेडफोनपासून जपायला सांगितलं.

आता मुख्य युक्ती. आपल्याला आवडणारं, उत्तम ध्वनिमुद्रित झालेलं एक भजन निवडा. त्याचा आणि आपल्या ट्रॅकचा आवाज सारखा करून दोन्ही आलटून पालटून ऐका. दोन्ही त्याच कानांतून जातात, त्यामुळे कानातली उणीव दोघांना सारखीच लागते. त्या भजनातले टाळ तुम्हाला जेवढे मंद लागतात, तेवढेच आपलेही लागू द्या. जो भाग मुळीच ऐकू येत नाही, तिथे तुलना चालत नाही. तिथे स्पेक्ट्रम ॲनालायझरवर दोन्हींचे आलेख पाहा आणि इक्वलायझर अंदाजानं फिरवू नका.

दोन कानांत फरक असेल, तर डावी-उजवी मांडणी फसवते. आधी सगळं मोनोमध्ये जुळवा; मग हेडफोन उलटा घालून तपासा. ‘बीच बॉईज’चे ब्रायन विल्सन उजव्या कानानं जवळपास बहिरे होते. १९६६ चा गाजलेला ‘पेट साउंड्स’ त्यांनी मोनोमध्येच घडवला.

श्रवणयंत्र बोलणं स्पष्ट करण्यासाठी जुळवलेलं असतं. पेटीचा लांबलेला सूर त्याला शिट्टी वाटू शकतो. ती दाबताना सूर थरथरतो. तज्ज्ञाकडून संगीतासाठी वेगळी जुळणी करून घ्या. ऐकू येत नाही म्हणून आवाज मात्र चढवू नका. इजा झालेल्या कानाला हळू आवाज पोचत नाही, आणि थोडा वाढवला की तोच असह्य होतो. शिवाय उरलेलं ऐकणंही धोक्यात येतं. बोलण्याएवढ्याच आवाजात काम करा आणि मध्ये विश्रांती घ्या.

शेवटी तरुण कानाची साथ घ्या. ‘बीटल्स’चे निर्माते जॉर्ज मार्टिन यांचं ऐकणं उतारवयात कमी झालं, तेव्हा २००६ च्या ‘लव्ह’ या अल्बमचं काम त्यांनी मुलासोबत, जाइल्स यांच्यासोबत केलं. घरातल्या मुलाला ‘चांगलं झालंय का?’ असं विचारू नका. ‘टाळ टोचतात का? शब्द कळतात का?’ असं विचारा. चाल, ठेका आणि कोणत्या ओळीला कोण पुढे यायचं, हे त्याला नाही, तुम्हालाच माहीत आहे. म्हणूनच शेवटचा निर्णय तुमचा.

पुढील भागात : मृदंगासाठी मायक्रोफोन कुठे ठेवावा?