बाळाचे धुरकट बुबुळ आणि नात्यातली सोयरीक

बेगम बाजाराच्या आसपास राहणाऱ्या आपल्या जुन्या मराठी घरांत मामाची मुलगी करून आणणे ही नवलाची गोष्ट नव्हती. शेजारच्या तेलुगू घरांत तर मामा-भाचीचे लग्नही होत असे. कॉर्नियाच्या काही आजारांचा या रिवाजाशी थेट संबंध आहे, म्हणून हा लेख.

कॉर्निया म्हणजे बुबुळावरची काचेसारखी चकती, मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. तिच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो आणि तो कॉर्नियातले पाणी सतत उपसत असतो. 'एसएलसी४ए११' या जनुकात दोष असला तर हा उपसा बिघडतो, कॉर्निया फुगतो आणि बाळाचे डोळे जन्मापासून किंवा काही महिन्यांतच निळसर-पांढरे दिसू लागतात. (तान्ह्या बाळाला काचबिंदू असला तरी डोळा असाच दिसतो. तेव्हा 'मोठा झाला की जाईल' म्हणून थांबू नये.) दुसऱ्या एका आजारात 'सीएचएसटी६' हे जनुक बिघडते. त्यात शाळकरी वयापासून कॉर्नियावर करडे डाग साचत जातात.

दोन्ही आजारांत आई-वडिलांची नजर स्वच्छ असते. प्रत्येकाकडे जनुकाची एक प्रत सदोष आणि एक चांगली. मुलाला दोन्ही सदोष प्रती मिळाल्या तरच आजार होतो, आणि ही शक्यता प्रत्येक बाळंतपणात चारात एक. आजोबांची एकच सदोष प्रत मुलाकडून नातवाला आणि मुलीकडून नातीला गेली, आणि त्या दोघांचेच लग्न झाले, की ती पणतवंडात पुन्हा एकत्र येऊ शकते. आपल्याच शहरातल्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेत डॉ. चित्रा कन्नबिरन आणि सहकाऱ्यांनी या दोन्ही जनुकांतले दोष रुग्ण कुटुंबांत शोधून प्रसिद्ध केले आहेत.

आज यावर मुख्य उपाय म्हणजे नेत्रदानातून मिळालेल्या कॉर्नियाचे रोपण. म्हणजे एका अर्थी दात्याच्या निरोगी जनुकांच्याच पेशी आपण बसवतो. पुढची पायरी फक्त पेशी देण्याची. जपानमध्ये क्योटोच्या डॉ. किनोशिता यांच्या गटाने प्रयोगशाळेत वाढवलेल्या आतल्या थराच्या पेशी ११ रुग्णांच्या डोळ्यांत सुईने सोडल्या आणि २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पेशी जागेवर बसाव्यात म्हणून रुग्णाला तीन तास पालथे झोपवत. २०२३ मध्ये जपानने अशा उपचाराला परवानगी दिली. मात्र ते अकरा जण वर सांगितलेल्या जन्मजात आजाराचे नव्हते.

हैदराबादचे स्टेम सेल उपचार आपण वर्तमानपत्रात वाचतो. २०१२ मध्ये डॉ. विरेंदर सांगवान, डॉ. सायन बसू आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या पद्धतीत चांगल्या डोळ्याच्या कडेचा इवलासा तुकडा बारीक कापून दुसऱ्या डोळ्यावर लावतात. पण ती चुना किंवा आम्ल डोळ्यांत गेलेल्यांसाठी आहे. पानाच्या चुन्याची पुडी मुलांच्या हाती देऊ नका, हे जाता जाता.

जनुक उपचाराची आशा खरी आहे. २०२४ मध्ये अमेरिकेत त्वचेच्या आनुवंशिक रोगाने दृष्टी गेलेल्या एका मुलाला चांगले जनुक थेंबांतून देऊन पुन्हा दिसू लागल्याचे प्रसिद्ध झाले. आपल्या दोन आजारांवर मात्र असे थेंब अजून दवाखान्यात मिळत नाहीत. कोणी पैसे घेऊन देऊ करत असेल, तर पाकीट खिशातच ठेवा.

जनुकचाचणी मात्र आज होऊ शकते. एका मुलाला आजार असेल, तर पुढच्या बाळाचा किंवा घरातल्या पुढच्या सोयरिकीचा विचार करण्याआधी ती करून घेता येते. आणि डॉक्टरांनी 'नात्यातले लग्न का?' असे विचारले, तर संकोच न करता नाते नेमके सांगावे.