डॉक्टर कोणाच्या पक्षाचे?

घरांत मूल जन्मलें कीं सल्ल्यांचा सुकाळ होतो. आजी घुटी उगाळते, शेजारीण मध चाटवावयास सांगते, आणि दुकानदार पावडरीचा डबा पुढें करतो. या गलबल्यांत आईबापांचा शेवटचा भरंवसा डॉक्टरांवर असतो. त्यांच्या एका शब्दाचें वजन शंभर जाहिरातींहून अधिक आहे, हें डबेवाल्या कंपन्या पुरतेपणीं जाणून आहेत.

शास्त्राचा निर्णय संदिग्ध नाहीं. जन्मानंतर तासाभरांत अंगावर पाजावें. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज पाणीसुद्धां देऊं नये. पुढें घरच्या अन्नाच्या जोडीला दोन वर्षें किंवा अधिक काळ पाजीत राहावें. ‘दूध पुरत नाहीं’ ही आईची नेहमींची तक्रार. पण मूल जितकें चोखतें तितकें दूध वाढतें. डबा आला कीं चोखणें घटतें आणि दूधहि आटतें. मग बाटली नीट उकळलेली नसली, किंवा डबा पुरवावा म्हणून पावडर पातळ कालविली, तर अतिसार व अशक्तता ठेवलेलींच! मूल कसें धरावें हें पंधरा मिनिटें बसून दाखविणारा डॉक्टर हें सर्व टाळूं शकतो. घाईनें डबा लिहून देणारा तें ओढवून आणतो.

या बाबतींत कायदा मुका नाहीं. १९९२ सालीं तो झाला व २००३ सालीं अधिक कडक करण्यांत आला. दोन वर्षांखालील मुलांच्या अशा खाद्याची जाहिरात, फुकट नमुने, डॉक्टरांस वा त्यांच्या कुटुंबीयांस नजराणे, इतकेंच नव्हे तर त्यांच्या परिषदांना कंपन्यांचा पैसा, हें सर्व निषिद्ध आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्यास असल्या दंडाची काय मातब्बरी?

कोणी म्हणेल, आजारी आईचें किंवा पोरक्या मुलाचें काय? त्यांच्यासाठीं डबा अवश्य असावा. कायद्यानें विक्री बंद केलेली नाहीं. परंतु ती गरज डॉक्टरानें ठरवावी, विक्रेत्यानें नव्हे.

एकाच खटल्यांत दोन्ही पक्षांची फी घेणाऱ्या वकिलास कोणी वकील म्हणत नाहीं. डॉक्टराचें अशील पाळण्यांत आहे. त्याला बोलतां येत नाहीं. म्हणून आईबापांनीं डबा घेण्यापूर्वीं ‘याची गरज काय?’ असें डॉक्टरांस निर्भयपणें विचारावें, दुकानदारांनीं तान्ह्या मुलाच्या आईला बक्षिसाचें आमिष दाखवूं नये, आणि डॉक्टरांनीं कंपनीचा नजराणा दारावरूनच परत पाठवावा, असें आमचें त्यांस स्पष्ट सांगणें आहे.